आधी उत्पन्न, मग गोळ्या, प्लॅन सगळ्यात शेवटी: टेक्सासमधल्या एका काकूंची मेडिकेअर केस

पार्श्वभूमी

ही केस २०२५ ची, टेक्सासमधली. ओळख पटेल अशा गोष्टी बदलल्यात, रुपयांचे आकडे थोडे गोल केलेत, बाकी जसं घडलं तसंच लिहितेय. मी मेडिकेअरबद्दल, म्हणजे अमेरिकेतल्या मुख्यतः ६५ च्या वरच्यांच्या सरकारी आरोग्य विम्याबद्दल, मोफत सल्ला देणाऱ्या कार्यक्रमात व्हॉलंटियर आहे. अमेरिकेत प्रत्येक राज्यात हा कार्यक्रम असतो, बऱ्याच ठिकाणी त्याला शिप म्हणतात, टेक्सासमध्ये हायकॅप म्हणतात. आम्हाला कुठल्याही विमा कंपनीकडून कमिशन मिळत नाही, आम्ही काही विकत नाही, फक्त माणसाच्या बाजूला बसून कागद वाचतो.

काकू ७३ वर्षांच्या. काका गेल्यावर मुलाने ग्रीन कार्डवर बोलावून घेतलं, ते २०१८ मध्ये. त्यांची अमेरिकेतली नोकरी नाही, काकांचीही नव्हती. इथेच आपल्या लोकांचा पहिला गोंधळ होतो, कारण सगळ्यांना वाटतं ६५ झाले की मेडिकेअर आपोआप आणि फुकट. तसं नाही. स्वतः किंवा जोडीदाराने इथे साधारण १० वर्षं काम करून टॅक्स भरला असेल तर पार्ट ए, म्हणजे हॉस्पिटलचा भाग, बिनप्रीमियमचा. नाहीतर ग्रीन कार्डवर सलग ५ वर्षं राहावं लागतं आणि त्यानंतर पार्ट ए विकत घ्यावा लागतो. २०२५ मध्ये त्याचा पूर्ण प्रीमियम महिन्याला ५१८ डॉलर होता, वर पार्ट बी, म्हणजे डॉक्टरांच्या भागाचे, १८५. मिळून ७०३ डॉलर दर महिन्याला.

काकूंची ५ वर्षं २०२३ मध्ये भरली, तोपर्यंत मार्केटप्लेसचा, म्हणजे सरकारी वेबसाइटवरून घेतलेला खासगी विम्याचा, प्लॅन होता. मुलाने ए आणि बी दोन्ही वेळेवर घेतले, हे त्याने अगदी बरोबर केलं. पार्ट डी, म्हणजे औषधांचा भाग, तो मात्र घेतला नाही. त्याचं म्हणणं, सातशे तर असेच जातायत आणि औषधं काय, कोणी ना कोणी भारतातून येतंच, सहा महिन्यांचा साठा आणतात, तिथे स्वस्त पडतं, मग अजून एक प्रीमियम कशाला. खूप घरांत हाच हिशोब असतो आणि बीपी-शुगरच्या जुन्या जेनेरिक गोळ्यांपुरता तो काही काळ चालूनही जातो.

अडचण कुठे आली

२०२५ च्या मार्च-एप्रिलमध्ये काकूंना धडधड, दम लागणं सुरू झालं, तपासणीत एट्रियल फिब्रिलेशन निघालं. हृदयाचे ठोके अनियमित पडतात, रक्ताची गुठळी होऊन स्ट्रोकचा धोका वाढतो. डॉक्टरांनी एलिक्विस ही रक्त पातळ करणारी गोळी दिली, ५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. फार्मसीच्या काउंटरवर महिन्याची किंमत सांगितली सहाशे डॉलरच्या आसपास. मुलाने इंटरनेटवरून कंपनीचं कूपन काढून दाखवलं तर ते चाललं नाही, कारण ही कोपे कार्डं, म्हणजे औषध घेताना स्वतः द्यायची रक्कम (कोपे) कमी करणारी कार्डं, खासगी विमा असणाऱ्यांसाठी असतात, मेडिकेअरवाल्यांसाठी नाहीत.

मग नेहमीचाच मार्ग. भारतातून येणाऱ्या नातेवाईकांकडून तेच औषध, एपिक्साबॅन, मागवलं. ते आलं पण पुरेसं नाही आलं.

मी मे महिन्यात त्यांच्या घरी गेले तेव्हा मुलाने लॅपटॉपवर प्लॅनची तुलना उघडूनच ठेवली होती, एका ओळखीच्या एजंटने पाठवलेलं ब्रोशरही होतं. मी म्हटलं ते राहू दे जरा, काकू, तुमचा गोळ्यांचा डबा दाखवता का. त्यांनी प्लास्टिकचा डबा आणला. आत स्ट्रिप्सचे कात्रीने कापलेले तुकडे, एकेक-दोनदोन गोळ्यांचे, वर पेनाने "स" आणि "रा" लिहिलेलं. कापताना बऱ्याच तुकड्यांवरचं औषधाचं नाव अर्धं गेलेलं आणि एक्स्पायरी तर कुठेच दिसेना. एपिक्साबॅनच्या सगळ्या तुकड्यांवर फक्त "स" होतं. मी विचारलं, काकू, ही रात्रीची कुठेय? त्या मुलाकडे न बघता म्हणाल्या, "रात्रीची घेतली तर महिन्याचं पाकीट पंधरा दिवसांत संपतं गं. सकाळची घेते ना रोज, अगदी न चुकता."

हे औषध शरीरातून साधारण १२ तासांत अर्धं उतरतं, म्हणून तर ते दोनदा असतं. म्हणजे रोज रात्री काकूंना पुरेसं संरक्षण नव्हतंच. आणि डब्यात इकोस्प्रिन, म्हणजे एस्पिरिनची गोळीही निघाली, भारतातल्या डॉक्टरांनी कधीकाळी दिलेली, ती चालूच होती. रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर एस्पिरिन म्हणजे रक्तस्रावाचा धोका वाढतो. औषध चालू-बंद सांगणं माझं काम नाही, ते मी कधीच करत नाही, पण तिथूनच डॉक्टरांच्या नर्सला फोन लावायला सांगितला. डॉक्टरांनी इकोस्प्रिन बंद करायला सांगितली, दोन आठवड्यांची सॅम्पल दिली, आणि रात्रीची गोळी त्याच दिवसापासून सुरू झाली. विम्याचं पुढचं सगळं त्या दोन आठवड्यांच्या आधारावर झालं. कोणी विचारलं की पहिलं पाऊल कुठलं, तर मी हेच सांगते. कागद थांबू शकतात, गोळी नाही.

समोर कोणते पर्याय होते

भारतातून मागवत राहणं हा पहिला. हृदयरोग तज्ज्ञांना हे अजिबात मान्य नव्हतं, डोस कधी तुटेल याचा नेम नाही आणि इथल्या फार्मसीकडे रेकॉर्ड नसल्याने कुठलं औषध कशाशी भिडतंय हे कोणालाच कळत नाही. इकोस्प्रिनचं तेच तर झालं.

दुसरा, ऑक्टोबरपर्यंत थांबून नेहमीसारखा पार्ट डी घेणं. दरवर्षी १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर ही मुदत असते, कव्हर १ जानेवारीपासून. म्हणजे मे ते डिसेंबर औषध कसं घ्यायचं हा प्रश्न तसाच. वर उशिराचा दंड. सलग ६३ दिवस किंवा जास्त योग्य असं औषध कव्हर नसेल तर प्रत्येक पूर्ण महिन्यामागे राष्ट्रीय बेस प्रीमियमच्या १ टक्का, तोही पार्ट डी असेपर्यंत दर महिन्याला. २०२५ चा बेस ३६.७८ डॉलर होता, २० महिने धरले तर दंड ७.४० डॉलर. रक्कम छोटी वाटते पण ती जात नाही. एक चांगली गोष्ट, २०२५ मध्ये पार्ट डी च्या औषधांसाठी स्वतःच्या खिशातून वर्षाला २,००० डॉलरच्या वर द्यावं लागत नव्हतं, त्यामुळे हा पर्याय अगदीच वाईट नव्हता. उशिराचा होता.

तिसरा एजंटवाला, शून्य प्रीमियमचा मेडिकेअर अॅडव्हान्टेज प्लॅन, म्हणजे मेडिकेअर खासगी कंपनीमार्फत, त्यातच औषधं, थोडं दातांचं. मुलाला हा फार आवडला होता. पण शून्य प्रीमियम म्हणजे प्लॅनचा शून्य, ए आणि बी चे ७०३ भरावेच लागणार होते, हे ब्रोशरमध्ये अगदी खाली बारीक अक्षरात होतं. काकूंचे हृदयरोग तज्ज्ञ त्या नेटवर्कमध्ये नव्हते. आणि त्यालाही साधारणपणे ऑक्टोबरचीच वाट बघावी लागणार होती.

चौथा पर्याय कोणाच्या यादीतच नव्हता. कमी उत्पन्नवाल्यांसाठी पार्ट डी ची एक्स्ट्रा हेल्प आणि प्रीमियमसाठी मेडिकेअर सेव्हिंग्ज प्रोग्रॅम. मी नाव काढलं तर मुलगा लगेच म्हणाला, "ते आमच्यासाठी नाही हो, माझा पगार बघता आम्ही कुठे बसणार." हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलंय की आता मी तिथेच थांबते आणि सावकाश समजावते. एक्स्ट्रा हेल्पच्या अर्जात अर्जदाराचं आणि सोबत राहणाऱ्या नवऱ्याचं किंवा बायकोचं उत्पन्न बघतात. मुलाचा पगार नाही, सुनेचा नाही, घर कितीचं आहे ते नाही. मुलगा जेवूखाऊ घालतो, घरात ठेवतो, ते एक्स्ट्रा हेल्पमध्ये उत्पन्न धरत नाहीत, २०१० पासून.

निर्णयाच्या जागा

काकूंचं स्वतःचं उत्पन्न म्हणजे काकांमागे मिळणारी फॅमिली पेन्शन, महिन्याला साधारण ३१ हजार रुपये, आणि एफडीचं व्याज. मिळून ४२० डॉलरच्या आसपास. २०२५ मध्ये एकट्या माणसासाठी एक्स्ट्रा हेल्पची मर्यादा वर्षाला २३,४७५ डॉलर होती. उत्पन्नाचा प्रश्नच नव्हता.

प्रश्न एफडीचा होता. भारतात साडेआठ लाखांची एफडी, पेन्शनच्या खात्यात ४५ हजार, इथल्या बँकेत तीनेकशे डॉलर. तेव्हाच्या दराने सगळं मिळून १०,७०० डॉलरच्या आसपास. पुण्यातला फ्लॅट मुलीनेच घेतलेला, मुलीच्याच नावावर, तो काकूंचा नाहीच. मुलगा म्हणाला भारतातलं कशाला दाखवायचं, कोण बघतंय. मी स्पष्ट नाही म्हटलं. अर्जावर खोटं लिहिलं तर तो गुन्हा आहे आणि सही काकूंची असते, मुलाची नाही, हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. शिवाय परदेशातल्या खात्यांमधली एकूण रक्कम वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली की एफबार भरावा लागतो, म्हणजे ही खाती सरकारला कळवायची असतातच. तेही राहिलं होतं, त्यासाठी त्याला सीएकडे पाठवलं.

आणि खरं सांगायचं तर लपवायची गरजच नव्हती. २०२५ मध्ये एक्स्ट्रा हेल्पची मालमत्तेची मर्यादा १७,६०० डॉलर होती, काकू त्यात आरामात बसत होत्या. सेव्हिंग्ज प्रोग्रॅमची मात्र ९,६६०. तिथे हजारभर डॉलर जास्त होत होते. हा प्रोग्रॅम लहान नव्हे, त्यातला क्यूएमबी नावाचा प्रकार मिळाला तर पार्ट ए आणि बी दोन्हीचे प्रीमियम राज्य भरतं, २०२५ च्या दराने वर्षाचे ८,४३६ डॉलर, आणि मेडिकेअर घेणारे डॉक्टर-हॉस्पिटल डिडक्टिबल (विमा पैसे देण्याआधी स्वतः भरायची रक्कम) किंवा पेशंटच्या वाट्याच्या २० टक्क्यांचं बिल पेशंटला पाठवू शकत नाहीत. घरात चार दिवस चर्चा चालली होती ती कुठला प्लॅन घ्यायचा याची आणि सातशे डॉलरच्या रकमेकडे कोणी बघितलंच नव्हतं.

तर नियम असा की अंत्यविधीसाठी वेगळे ठेवलेले १,५०० डॉलरपर्यंतचे पैसे या हिशोबात धरत नाहीत. हे बोलणं अवघड. मुलगा म्हणाला आईसमोर नको. मी म्हटलं पैसे आईचे आहेत, निर्णय आईचा आहे, तिला विचारू. काकूंनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या की ते पैसे त्यांनी मनात केव्हाच बाजूला काढलेत, मुलांवर त्याचा भार नको म्हणून, फक्त कागदावर लिहायचं असतं हे माहीत नव्हतं. दुसऱ्या आठवड्यात भारतातल्या बचतीतून १,५०० डॉलर इथल्या वेगळ्या खात्यात आले, त्या कामासाठीच असं लिहून. उरले ९,२०० च्या आसपास. मर्यादेच्या आत.

अजून एक भीती होती, सरकारी मदत घेतली तर इमिग्रेशनला काही होईल का आणि पुढे घर जप्त करतील का. काकूंनी २०२४ मध्येच सिटिझनशिप घेतली होती, त्यामुळे पहिली भीती मिटली. सिटिझन नसतील आणि मुलगा स्पॉन्सर असेल तर क्यूएमबीसारख्या मेडिकेडशी, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांच्या सरकारी विम्याशी, जोडलेल्या मदतीत स्पॉन्सरचं उत्पन्न मध्ये येऊ शकतं, अशा घरांनी आधी इमिग्रेशन वकिलाला विचारावं. दुसरी भीती, घर मुलाचंच होतं, आणि २०१० नंतर सेव्हिंग्ज प्रोग्रॅमने भरलेले पैसे वारसांकडून वसूल करता येत नाहीत.

काय केलं

एक्स्ट्रा हेल्पचा अर्ज सोशल सिक्युरिटीच्या साइटवर भरला, काकू शेजारी बसून प्रत्येक प्रश्न मराठीत ऐकून उत्तर देत होत्या. तुम्ही मुद्दाम नको म्हटलं नाही तर हाच अर्ज पुढे राज्याकडे सेव्हिंग्ज प्रोग्रॅमसाठी जातो, तो जाऊ दिला.

मग गोळ्यांची यादी. हे काम दिसतं सोपं पण आपल्या लोकांच्या बाबतीत सगळ्यात चुकतं. भारतातली नावं मेडिकेअरच्या प्लॅन फाइंडरमध्ये सापडत नाहीत. टेल्मा एएम टाकलं तर काहीच येणार नाही, ती म्हणजे टेल्मिसार्टन आणि अॅम्लोडिपिन. ग्लायकोमेट जीपी म्हणजे मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड, हे जोड औषध इथे तसं एका गोळीत मिळत नाही. त्यामुळे प्रत्येक गोळी फोडून मूळ औषध, मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा असा कागद केला, तो इथल्या डॉक्टरांकडून तपासून घेतला, त्यांनी सगळी नवीन प्रिस्क्रिप्शन दिली. दोन जोडगोळ्यांच्या चार झाल्या, काकूंना ते आवडलं नाही, "एवढ्या गोळ्या?" म्हणाल्या, पण डब्याचे तुकडे जाऊन नाव-तारीख असलेल्या बाटल्या आल्या.

जूनच्या मध्यात एक्स्ट्रा हेल्प मंजूर झाल्याचं पत्र आलं. इथे नियम मदतीला आला. एक्स्ट्रा हेल्प असली की ऑक्टोबरची वाट बघावी लागत नाही, कुठल्याही महिन्यात स्वतंत्र पार्ट डी प्लॅन घेता येतो, पुढच्या महिन्याच्या १ तारखेपासून चालू. आणि उशिराचा दंडही लागत नाही.

आता कुठे प्लॅनचा नंबर आला. एक्स्ट्रा हेल्पमध्ये ठरावीक रकमेपर्यंतचा प्रीमियम पूर्ण माफ असतो, तेवढेच प्लॅन बघितले. कोपेही टियरवर, म्हणजे प्लॅनने औषधांच्या पाडलेल्या किमतीच्या गटांवर, नाही ठरत, जेनेरिक की ब्रँड एवढंच बघतात, २०२५ मध्ये जास्तीत जास्त ४.९० आणि १२.१५ डॉलर. त्यामुळे प्रश्न तीनच राहिले. सगळी औषधं यादीत आहेत का, कुठल्या औषधाला आधी परवानगी लागते का, आणि काकू चालत जाऊ शकतात ती फार्मसी नेटवर्कमध्ये आहे का. तुलना अर्ध्या तासात संपली. १ जुलैपासून प्लॅन सुरू.

काय झालं

औषधांचा खर्च एलिक्विस धरून महिन्याला ४० डॉलरच्या आत आला. काकू दोन्ही वेळची गोळी घेतात, हे मी मुलाकडून नाही, रिफिलच्या तारखांवरून सांगतेय.

सेव्हिंग्ज प्रोग्रॅमचं मात्र सरळ झालं नाही. जूनमध्येच राज्याच्या ऑफिसकडून पत्र आलं होतं, भारतातल्या खात्यांचे कागद आणि अंत्यविधीच्या खात्याचा पुरावा मागणारं, थोड्या दिवसांची मुदत देऊन. मेडिकेअरच्या नावाने घरी इतक्या जाहिराती येतात की सुनेने ते त्याच गठ्ठ्यात ठेवलं. जुलैमध्ये नकार आला तेव्हा गठ्ठा उपसला आणि पत्र सापडलं. ऑगस्टमध्ये नव्याने अर्ज, सोबत बँक स्टेटमेंट, रुपये-डॉलरचा दर, पेन्शनचा कागद सगळं लावून. सप्टेंबरमध्ये मंजुरी, १ ऑक्टोबरपासून प्रीमियम राज्याकडे. क्यूएमबी मागच्या तारखेपासून मिळत नाही, मंजुरीच्या पुढच्या महिन्यापासून मिळतो. पहिल्याच अर्जावर झालं असतं तर ऑगस्ट आणि सप्टेंबरचे मिळून १,४०६ डॉलर वाचले असते.

वेगळं काय करता आलं असतं

त्या पत्राची वाट बघायला नको होती. अर्ज पाठवला त्याच दिवशी भारतातल्या बँकेचे कागद मागवून ठेवायला हवे होते, कारण ते यायला वेळ लागतोच. आता मी प्रत्येक घरात एक फोल्डर करायला सांगते आणि सोशल सिक्युरिटी, मेडिकेअर, राज्याचं ऑफिस या तिघांच्या पाकिटांवरची नावं कशी असतात ते प्रत्यक्ष दाखवते, ज्या माणसाच्या हातात टपाल पडतं त्याला, इथे ती सून होती आणि ती आमच्या एकाही मीटिंगला नव्हती.

दुसरं, हे सगळं २०२४ मध्ये सिटिझनशिप मिळाल्यावरच व्हायला हवं होतं. काकूंचं उत्पन्न तेव्हाही तेवढंच होतं. आजार आल्यावर घाईघाईत चौकशी सुरू झाली आणि तोपर्यंत मुलाने महिन्याला सातशे भरले. घरात कोणी त्यांचं उत्पन्न वेगळं मोजलंच नव्हतं, ते "आमचं" उत्पन्न म्हणूनच बघायचे. आपल्याकडे आईचे पैसे वेगळे काढणं परकेपणाचं वाटतं हे मी समजू शकते, पण इथले अर्ज एका माणसाचे असतात.

तिसरं, एजंटचा प्लॅन वाईटच होता असं मी म्हणणार नाही. डॉक्टर नेटवर्कमध्ये असते आणि क्यूएमबी बसला नसता तर २० टक्क्यांच्या ओझ्यापेक्षा तो कदाचित बरा ठरला असता, कारण काकूंकडे मेडिगॅपही, म्हणजे हे २० टक्के भरणारा पूरक विमाही, नव्हता. ते टेबलावर ठेवून नीट तपासलं हे बरं झालं.

सध्या उरलेली कामं अशी. काकू दर हिवाळ्यात भारतात जातात, पार्ट डी तिथे काही देत नाही, म्हणून निघायच्या महिनाभर आधी ९० दिवसांचा साठा प्लॅनकडून मिळतो का ते विचारायचं. एलिक्विसची मेडिकेअरने ठरवलेली किंमत १ जानेवारी २०२६ पासून ३० दिवसांना २३१ डॉलर झाली, काकूंच्या कोपेला त्याने मोठा फरक नाही पण एक्स्ट्रा हेल्प नसलेल्या घरांना आहे, त्यांनी नवीन हिशोब करून बघावा. प्लॅनचं बदलांचं पत्र दर सप्टेंबरअखेर येतं, ते आल्यावर प्रीमियम अजून पूर्ण माफ आहे ना ते बघायचं. आणि क्यूएमबीचं नूतनीकरण आलं की एफडीचं व्याज किती साठलंय ते आधी मोजायचं, कारण २०२५ च्या मर्यादेला साडेचारशे डॉलरचंच अंतर होतं. ते पत्र आता सुनेच्या फोल्डरमध्ये जाईल.